पाचवा गडी : आर्थर नावाच्या कुत्र्याचं प्रकरण

कुत्रा ‘रेस्क्यू’ केला म्हटलं की एक ठरलेला क्रम डोळ्यांसमोर येतो. गाडीखाली आलेलं पिल्लू, कुणीतरी घाईघाईने केलेला फोन, संस्थेची व्हॅन, सलाइन, आणि महिनाभराने कुणाच्या तरी सोफ्यावर पसरलेल्या त्याच पिल्लाचा फोटो. आर्थरच्या प्रकरणात यातलं काहीच नाही. त्याला वाचवायला कुणी गेलंच नव्हतं. चार माणसं जागतिक अजिंक्यपदाची शर्यत धावत होती. त्यांच्याकडे झोप नव्हती, फुकट घालवायला वेळ नव्हता, आणि कुत्रा सांभाळायची सोय तर बिलकूल नव्हती.

म्हणूनच हे प्रकरण मला अभ्यासाला बरं वाटतं. प्राणिप्रेमाचा मुलामा इथे आधीपासून चढवलेला नाही. माणूस आणि कुत्रा यांचं नातं नेमकं कुठे धरलं, हे जवळजवळ पावलागणिक पाहता येतं. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण कुत्र्याच्या इमानावर भरभरून बोलतात. माझं लक्ष जास्त माणसाकडे आहे. कुत्रा मागे येणं ही तशी नेहमीची गोष्ट. मागे आलेल्या कुत्र्यासाठी माणसाने काय काय सोडलं, हा या प्रकरणाचा गाभा.

शर्यत

नोव्हेंबर 2014, इक्वेडोर. अ‍ॅडव्हेंचर रेसिंगची जागतिक स्पर्धा त्या वर्षी तिथे होती. हा खेळ आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चौघांचा संघ असतो आणि त्यात स्त्री-पुरुष दोन्ही असावे लागतात. अंतर या वेळी सुमारे 700 किलोमीटर, अँडीजच्या थंड उंचीवरून पॅसिफिकच्या दमट किनाऱ्यापर्यंत. चालणं, सायकल, दोरावरची चढ-उतार, कयाक म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, सगळं आलं. वाट नकाशा आणि होकायंत्रावर शोधायची, जीपीएस नाही. घड्याळ रात्रंदिवस चालू राहतं. डोळा लागला तर ती झोपही शर्यतीच्या वेळातच धरली जाते. आणि चौघांनी कायम एकत्र राहायचं. तिघं आधी पोचले आणि चौथा मागे राहिला, तर त्या तिघांच्या पोचण्याला काही अर्थ नाही. हा शेवटचा नियम ध्यानात असू द्या.

स्वीडनच्या पीक परफॉर्मन्स संघात कर्णधार मिकाएल लिंडनॉर्ड, सायमन निएमी, कॅरेन लुंडग्रेन आणि स्टाफन ब्यॉर्क्लुंड असे चौघं होते. शर्यतीचे शेवटचे मोठे टप्पे उरले होते. एका थांब्यावर, म्हणजे जिथे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना सामान बदलतात तिथे, ते पुढच्या जंगलातल्या चालीची तयारी करत डब्यातलं मांसाचं जेवण खात बसले होते. तिथे एक कुत्रा उभा होता. मध्यम चणीचा, पिवळट, केसांत चिखलाची ढेकळं, पाठीवर मोठी उघडी जखम. लिंडनॉर्डने त्याला मांसाचा एक गोळा दिला.

बस, एवढंच. बोलावलं नाही, दोरी लावली नाही, ‘चल’ म्हटलं नाही. संघ निघाला आणि कुत्रा मागोमाग निघाला.

(कुठल्याही पशुवैद्याने इथे कपाळाला हात लावला असता. रेबीज असलेल्या देशात, अनोळखी, जखमी कुत्र्याला हाताने खायला घालणं हे काही अनुकरणीय नाही. आपल्याकडे तर नाहीच. चावा राहू द्या, उघड्या जखमेला वा डोळ्या-तोंडाला कुत्र्याची लाळ लागली तरी साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन थेट लस गाठावी, हेच शहाणपण. लिंडनॉर्डचं नशीब चांगलं होतं. त्याची पद्धत चांगली होती असं मी म्हणणार नाही.)

जंगल

पुढचा टप्पा तीसेक किलोमीटरची जंगलातली चाल होती. तीसेक किलोमीटर म्हणजे पुण्याच्या ट्रेकरला ‘एक दिवस’ वाटेल, पण ही वाट म्हणजे गुडघाभर चिखल, वेली, चढ-उतार, आणि आधीच्या काही दिवसांचा जागर अंगात मुरलेला. माणसं चिखलात रुतत होती, कुत्राही रुतत होता. त्यांनी त्याला उपसून बाहेर काढलं. तो थकून कोलमडला तेव्हा थांबले, स्वतःसाठी मोजून आणलेले अन्नाचे डबे उघडून त्याला घातले, कारण जंगलात त्याला खायला मिळणार नव्हतं. नाव पडलं आर्थर, राजा आर्थरवरून.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कुत्रा का मागे आला, आणि माणसं का थांबली.

पहिल्याचं उत्तर ‘खायला दिलं म्हणून’ असं सगळे पटकन देतात. अर्धंच खरं आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने आपल्याच रस्त्यांवरच्या कुत्र्यांवर बरंच काम केलं आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वरचेवर खाऊ दिला, काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. विश्वास बसण्याच्या दृष्टीने हात फिरवणं खाऊपेक्षा सरस ठरलं. रस्त्यावरच्या कुत्र्याला खायला घालणारे पुष्कळ भेटतात आणि दगड मारणारेही. हात लावून थांबणारा क्वचित. म्हणून त्याची किंमत त्याच्या लेखी जास्त असावी, असं मला वाटतं.

दुसरा प्रयोग जुना आहे आणि मला जास्त चकित करतो. बुडापेस्टच्या एओतवोश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी 2001 साली निवारा केंद्रांतले 60 प्रौढ कुत्रे घेतले. त्यातल्या काहींना एका अनोळखी व्यक्तीने फक्त दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी दिल्या: थोडं फिरवलं, थोडं खेळली, थोडं कुरवाळलं. मग लहान मुलांची आईशी असलेली ओढ तपासायला जी चाचणी वापरतात तशीच कुत्र्यांवर केली. नव्या खोलीत न्यायचं, ओळखीचं माणूस आत-बाहेर करायचं, परकं माणूस आणायचं, आणि कुत्रा कुणाकडे धावतो, कुणाच्या मागे दाराशी जाऊन उभा राहतो ते टिपायचं. अर्ध्या तासाच्या त्या ओळखीवर कुत्र्यांमध्ये ओढीची लक्षणं दिसली. हे प्रौढ कुत्रे होते. पिल्लूपणीच जीव लागला तर लागला, नाहीतर नाही, हा आपल्याकडचा घट्ट समज तिथेच सैल होतो. ‘मोठा कुत्रा नको, तो आपला होत नाही’ असं दत्तक शिबिरांत रोज ऐकू येतं. ते म्हणणाऱ्यांना मी हाच प्रयोग सांगतो.

म्हणजे आर्थरने जे केलं त्यात चमत्कार नाही. माणसाच्या आसऱ्याची ओढ त्याच्या जातीतच आहे, आणि जखमी, एकट्या कुत्र्यात ती आणखी तीव्र असणार. चौघांपैकी त्याने लिंडनॉर्डलाच का धरलं, याचं एक कारण तो पहिला घास असेल. पण नंतरच्या वाटेवर खायला सगळ्यांनीच घातलं, चिखलातून सगळ्यांनीच काढलं. एवढं होऊनही त्याने धरलेला माणूस बदलला नाही.

दुसरा प्रश्न मात्र सोपा नाही. माणसं का थांबली? ज्या खेळात झोपेचीही मिनिटं मोजतात, तिथे कुत्र्याचा दम परत येईपर्यंत बसून राहणं म्हणजे हातातला क्रमांक सोडून देणं. मला वाटतं, उत्तर त्या नियमात आहे. या खेळाडूंच्या हाडीमाशी एक गोष्ट भिनलेली असते: सर्वांत हळू चालणारा जेवढा चालेल तेवढा संघ चालतो. कुणाचं पोट बिघडलं, कुणाचे तळवे सोलले, तर बाकीचे त्याचं सामान उचलतात, त्याला दोरीने ओढतात, पण सोडत नाहीत. वर्षानुवर्षं असं वागलेल्या माणसांच्या मागे एक जीव तासन् तास चालत राहिला, तर नकळत तो पाचवा गडी होतो. त्यासाठी फार कनवाळू असायची गरज नाही. सवय पुरते.

काठ

मग आली कयाकची शेवटची फेरी, एस्मेराल्दास शहराच्या दिशेने, पन्नास-साठ किलोमीटरची. इथे आयोजकांनी सांगितलं, कुत्रा नको. सुरक्षिततेसाठी. सल्ला अगदी रास्त होता आणि तो देणाऱ्यांना खलनायक करण्याचं काही कारण नाही. दोघांच्या कयाकमध्ये आधीच तोल नाजूक असतो. वीसेक किलोंचा एक जीव मधे कधी इकडे कलणार, कधी तिकडे. तो घाबरून उसळला तर माणसंच पाण्यात. शिवाय तास न् तास ओल्या अंगाने त्याला गारठा भरण्याची भीती.

संघाने ऐकलं. कयाक पाण्यात घातले आणि वल्ही मारायला सुरुवात केली.

आर्थरने पाण्यात उडी घेतली आणि पोहत मागे निघाला.

या क्षणाचे फोटो जगभर फिरले, आणि वाचक बहुधा इथेच डोळे पुसतात. मी मात्र थोडं मागे जाऊन पाहतो. कुत्रा उडी मारायच्या आधी काय झालं होतं? लिंडनॉर्ड त्याला सोडून निघाला होता. मन खात असेल, पण निघाला होता. हे लपवायची गरज नाही, कारण याच ठिकाणी नात्याचा खरा सांधा आहे. जंगलात तो कुत्र्यासाठी थांबला तेव्हा सोडण्याचा पर्याय समोर कुणी ठेवलाच नव्हता. चालता चालता होऊन गेलं. पाण्याशी आल्यावर मात्र पर्याय स्पष्ट होता, सगळ्यांसमोर होता, आणि त्याने तो आधी निवडलाही होता. मग तो वळला. कुत्र्याला मानेखाली धरून कयाकवर ओढून घेतलं. काठावरची माणसं ओरडून टाळ्या वाजवू लागली.

मराठी वाचकाला इथे युधिष्ठिर आठवल्याशिवाय राहत नाही. महाप्रस्थानिक पर्वात पाची भाऊ आणि द्रौपदी हिमालयाच्या वाटेने निघतात आणि एक कुत्रा मागे लागतो. एकेक जण गळून पडतो. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा उरतात, इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि बस. युधिष्ठिर म्हणतो, जो भक्तीने माझ्या मागे आला त्याला सोडून मला स्वर्ग नको. प्रसंगांची ठेवण चकित व्हावी इतकी सारखी आहे: लांबची वाट, आगंतुक कुत्रा, वाहनात बसायची घटिका, आणि ‘कुत्रा नको’ म्हणणारा अधिकारी. पण दोन फरक महत्त्वाचे. युधिष्ठिर क्षणभरही डळमळत नाही, लिंडनॉर्ड डळमळला. आणि महाभारतातला कुत्रा शेवटी यमधर्म निघतो, म्हणजे ती परीक्षा होती, पास झाल्यावर स्वर्ग ठरलेला. आर्थर शेवटपर्यंत कुत्राच राहिला. किडलेले दात, सडकी जखम आणि पुढे भरायची बिलं, हे सगळं त्याच्याबरोबर आलं.

कयाकमधला प्रवास सुखाचा नव्हता. त्याची जागा सारखी बदलावी लागायची, तो वल्ह्याच्या आड यायचा. संघ बारावा आला. जिंकायला गेलो होतो आणि मित्र घेऊन आलो, अशा अर्थाचं लिंडनॉर्ड पुढे मुलाखतींतून बोलला. बातम्यांच्या मथळ्यांना हे वाक्य फारच आवडलं. पण त्या वेळी तो मित्राला घेऊन आला नव्हता. मित्र इक्वेडोरात होता, आणि त्याला नेण्याची परवानगी नव्हती.

कागद

या प्रकरणातला सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि मला सर्वांत बोलका वाटणारा भाग हा आहे. अंतिम रेषा ओलांडल्यावर अंगातला जोश ओसरतो, झोप लागते, सकाळी उठल्यावर बाजूला एक आजारी कुत्रा असतो. काठावरच्या टाळ्या थांबलेल्या असतात. बहुतेक ‘रेस्क्यू’ याच सकाळी कोसळतात. आपल्याकडेही: जोशात घरी आणलेलं कुत्रं आठवड्याभरात ‘कुणी घेईल का, आमच्याकडे जमत नाहीये’ अशा मेसेजसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतं.

लिंडनॉर्डने आर्थरला तिथल्या पशुवैद्याकडे नेलं. पाठीवरची जखम खोल आणि जुनी होती, दातांची दैना झाली होती. उपचार सुरू झाले आणि समांतर कागदपत्रं.

कागदपत्रांचं कारण रेबीज. स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून कुत्र्यांचा रेबीज नाही, आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून ते देश म्हणून फार काटेकोर आहेत. रेबीजच्या बाबतीत कमी धोक्याच्या देशांची युरोपीय संघाची एक यादी आहे; त्या ‘यादीबाहेरच्या’ देशातून कुत्रा तिथे न्यायचा तर नेहमीचा क्रम असा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्यातली प्रतिपिंडं दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त असल्याचा दाखला, आणि नमुना घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणं. भारतही या यादीबाहेर आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईहून जर्मनीला किंवा नेदरलँड्सला नोकरीनिमित्त जाणाऱ्या ज्या मराठी घरांनी आपला कुत्रा सोबत नेला आहे, त्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. चिप आधी आणि लस नंतर. उलटं झालं तर लस धरत नाहीत आणि घोडं पुन्हा पहिल्या पायरीवर. व्हिसा मिळाला, तिकिटं काढली, घर रिकामं केलं, आणि कुत्रा तीन महिने मावशीकडे, हे दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही.

आर्थरसाठी स्वीडनच्या कृषी मंडळाची परवानगी मिळाली ती विलगीकरणाच्या अटीवर. नोव्हेंबर संपायच्या आत तो विमानाने स्वीडनला पोचला आणि तिथून थेट विलगीकरणात गेला. चार महिने. जो कुत्रा माणूस नजरेआड होऊ नये म्हणून पाण्यात उडी मारतो, त्याला नव्या देशात, नव्या थंडीत, ज्याच्यासाठी आला त्याच्यापासून दूर ठेवायचं. नियम योग्य होता, यात शंका नाही. पण ज्या नात्याची इमारत ‘मागे मागे राहणं’ यावर उभी होती, तिला ही सर्वांत कठीण परीक्षा होती. मार्च 2015 मध्ये तो उत्तर स्वीडनमधल्या अर्नशोल्ड्सविक गावी लिंडनॉर्डच्या घरी आला.

या चार महिन्यांत कुत्र्याकडून इमान दाखवायला काही वाव नव्हता. नातं त्या काळात एकाच बाजूने चालू राहिलं. फॉर्म भरणं, फोन करणं, पैसे भरणं, वाट पाहणं, आणि घरी लहान मुलं असताना एका अनोळखी, रस्त्यावर वाढलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी जागा करणं. घरातल्या बाकीच्यांचा होकार हा तर अशा गोष्टींत कायम गाळला जाणारा मुद्दा. कुत्रा एकट्याने आणता येतो, एकट्याने सांभाळता येत नाही. दत्तक देणाऱ्या जाणत्या बायका, ज्यांना त्यांच्या भागात सगळे ‘कुत्र्यांवाल्या ताई’ म्हणतात, त्या म्हणूनच अर्जदाराशी कमी आणि घरातल्या आजीशी जास्त बोलतात. ‘आजी, तुम्हाला चालणारे का? दुपारी घरी तुम्हीच असणार.’ आजी गप्प राहिली की कुत्रा मिळत नाही.

घर

घरातल्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि ते चांगलंच आहे. जखम भरली, अंग भरलं, बर्फ आवडू लागला, मुलं मोठी होऊ लागली. सुखी कुत्र्याच्या आयुष्यात बातमी नसते.

या काळातल्या नात्याबद्दल एक शास्त्रीय टीप द्यायला हवी. 2015 मध्येच, आर्थर घरी आला त्याच सुमारास, जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांचा एक गाजलेला अभ्यास आला. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं त्यांना लघवीच्या तपासणीत आढळलं. हे तेच संप्रेरक, जे आई आणि तान्ह्या बाळात काम करतं. माणसाळवून वाढवलेल्या लांडग्यांत हे दिसलं नाही. तेव्हापासून ‘कुत्र्याचं प्रेम विज्ञानाने सिद्ध’ असे मथळे फिरत असतात. माझा सल्ला, थोडं सबुरीने घ्यावं. संप्रेरकाची पातळी वाढणं म्हणजे प्रेम मोजणं नव्हे, आणि एका प्रयोगावर एवढा डोलारा उभा करू नये. पण एक गोष्ट घ्यायला हरकत नाही: ओढीचं हे चक्र दोन्हीकडून फिरतं. कुत्रा बघतो म्हणून माणूस विरघळतो, माणूस विरघळला की जास्त बघतो, जास्त हात फिरवतो, कुत्रा आणखी निवांत होतो. बाहेर राहिलेल्या, मार खाल्लेल्या कुत्र्यात हे चक्र सुरू व्हायला वेळ लागू शकतो. तोवर टक लावून बघणं त्याला धमकीही वाटू शकते. नव्या घरातल्या कुत्र्याशी पहिले काही दिवस नजर भिडवू नका, बाजूला बसा, त्याला येऊ द्या, असं जाणकार सांगतात ते यासाठीच.

डिसेंबर 2020 मध्ये आर्थर गेला. ट्यूमर होता. इक्वेडोरच्या जंगलातून निघाल्यावर जवळपास सहा वर्षं त्याने घरात काढली. 2024 मध्ये त्याच्यावर एक हॉलिवूडपट आला. त्यात कथा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेली आणि संघ अमेरिकन केला. विलगीकरणाचे चार महिने पडद्यावर दाखवायला कंटाळवाणेच.

आक्षेप

या प्रकरणावर घेतले जाणारे आक्षेप मला फिजूल वाटत नाहीत. इक्वेडोरात रस्त्यांवर अगणित कुत्रे असताना एकाला विमानाने युरोपात नेण्यात काय हशील? त्याच खर्चात तिथल्या किती कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं असतं? हिशेब म्हणून हा आक्षेप बिनतोड आहे. एखाद्या नगरपालिकेने असा खर्च केला असता तर मीही ओरडलो असतो. पण लिंडनॉर्ड नगरपालिका नव्हता. तो ‘कुत्र्यांचं भलं’ करत नव्हता. आपल्या मागे आलेल्या एका जीवाला उत्तर देत होता. धोरण आणि नातं यांची मापं वेगळी आहेत, आणि एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजलं की दोन्हीकडे घोळ होतो. उलट बाजूही तितकीच खरी: आर्थरच्या गोष्टीवर रडून झाल्यावर कुणी आपल्या प्रभागातल्या नसबंदी मोहिमेला विरोध करत असेल, तर ते रडणं काही कामाचं नाही. लिंडनॉर्डने पुढे आर्थरच्या नावाने रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी संस्था काढली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. रस्त्यावर दिसणारा कुत्रा बेवारस आहे हे ठरवलं कुणी? जगातले बहुसंख्य कुत्रे पट्ट्याशिवाय राहतात. त्यातल्या अनेकांना घर असतं, फक्त ते घर आपल्याला दिसत नाही. आर्थरच्या अंगावरची जुनी, दुर्लक्षित जखम हा त्याची काळजी कुणी घेत नव्हतं याचा पुरावा धरता येतो. जखम नसती, तर मी या प्रकरणाकडे याच नजरेने पाहिलं असतं असं नाही.

आणि इथेच हे प्रकरण सह्याद्रीत येतं. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड, कुठेही जा, पायथ्याच्या गावातून एखादं कुत्रं सोबत निघतंच. पुढे पळतं, वळणावर थांबून मागे बघतं. लोखंडी शिडीपाशी खाली बसून कुंईकुंई करतं, आणि आपण धापा टाकत वर पोचावं तर कुठल्याशा आडवाटेने आधीच येऊन बसलेलं असतं. डबे उघडले की थेपल्याचा तुकडा, अंड्याचा बलक, बिस्किटाचा अर्धा पुडा. रात्री गुहेत कुणाच्या तरी पायाशी. दुसऱ्या दिवशी उतरताना पुन्हा सोबत, आणि जीप सुटली की धुळीतून काही अंतर मागे धावत येतं. जीपमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘अरे, घेऊन जाऊ या का त्याला?’

बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ हेच बरोबर असतं. तो कुत्रा गावाचा असतो, एखाद्या वाडीवरच्या घरचा असतो, आणि पुढच्या शनिवारी नव्या ग्रुपसोबत तो पुन्हा वर जाणार असतो. त्याला पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून कोंडणं म्हणजे सुटका नव्हे. जेवू घालणाऱ्या मावशींना विचारलं की लगेच कळतं: ‘तो व्हय, तो आमच्या दिराचा. जातोय सगळ्यांच्या संगं.’ पण कधी कधी उत्तर वेगळं येतं. ‘कुणाचा न्हाई. कुणीतरी गाडीतनं आणून सोडला.’ कानांची ठेवण, केसांची लांबी पाहून आपल्यालाही कळतं की हा इथला नाही. जखमेत अळ्या पडलेल्या असतात, बरगड्या मोजता येतात.

अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आधी त्याला हाताळताना स्वतःचा हात सांभाळा. दुखणाऱ्या जागी हात लागला तर गरीब कुत्रंही चावतं. जखमेसाठी तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बहुधा सर्वांत जवळचा असतो, आणि गावातल्या गुरांमुळे त्या डॉक्टरांचा नंबर सरपंचापासून दुकानदारापर्यंत कुणाकडेही मिळतो. शहरात आणायचा तर थेट घरी नेऊ नका, आधी पशुवैद्याकडे: गोचीड-ताप आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक संसर्गजन्य आजार) तपासून घ्यावा, रेबीजची लस द्यावी, आणि घरात दुसरं कुत्रं असेल तर काही दिवस दोघांना वेगळं ठेवावं. नसबंदीची तारीख त्याच भेटीत विचारून ठेवावी. महापालिकेचा परवाना काढावा. सोसायटीत आधी बोलावं, कुत्रा लिफ्टमध्ये दिसल्यावर नाही. आणि जीप सुटायच्या आधी घरी फोन लावून विचारावं.